लडाख सोपं, कुदळवाडी अवघड

लडाखच्या फोटोग्राफी टूरची जाहिरात एकदा शांतपणे वाचून पाहावी. पँगाँगच्या पाण्यातलं पहाटेचं प्रतिबिंब, हुंदरच्या वाळूतले दोन वशिंडांचे उंट, थिकसे मठातली सकाळची प्रार्थना, रात्री आकाशगंगा. कोणत्या दिवशी काय ‘मिळणार’ ते आधीच छापलेलं असतं. ट्रायपॉड कुठं रोवायचा हे सोबतचा मार्गदर्शक दाखवतो, आणि डावी-उजवीकडे तसेच आणखी ट्रायपॉड रोवलेले असतात. आठवड्यानं परतलेल्या सगळ्यांची छायाचित्रं एकत्र मिसळली, तर कुणाचं कोणतं हे घरच्यांनाही सांगता येणार नाही.

काशीचे घाट, पुष्करची जत्रा, कच्छचं रण यांचंही तेच झालं आहे. खारदुंगला ओलांडताना डोकं ठणकतं, बोटं बधिर होतात, खिसा बराच हलका होतो. म्हणून माणसाला वाटतं, आपण कम्फर्ट झोन ओलांडला. ओलांडलेला असतो तो शरीरानं. कॅमेरा घरी होता तसाच राहतो. तीच आवडती लेन्स, तोच सोनेरी उजेड, तेच दुरून टिपलेले अनोळखी चेहरे. समोरच्यानं ‘कशाला काढता फोटो?’ असं विचारलं आणि उत्तर सुचलं नाही, असा प्रसंग त्या आठवड्यात एकदाही येत नाही.

फोटोग्राफरची खरी अडचण त्या प्रश्नापाशी सुरू होते. आणि ती अनुभवायला भोसरीच्या माणसाला विमानाचं तिकीट लागत नाही.

पुणे-नाशिक रस्त्यावरून उड्डाणपुलानं भोसरी ओलांडणाऱ्याला खाली काय आहे ते दिसत नाही. खाली पीएमटी चौक आहे, लांडेवाडी, इंद्रायणीनगर, गवळीमाथा आहे, आणि एमआयडीसीचे इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाणारे ब्लॉक आहेत, जिथं एका गाळ्यात गिअर कापले जातात, शेजारच्यात पावडर कोटिंग होतं आणि समोरच्यात हीट ट्रीटमेंटची भट्टी धगधगते. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. मग मोठ्या वाहन कंपन्या, त्यांच्यामागे सुटे भाग पुरवणारे हजारो लघुउद्योग. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महापालिका. एके काळी कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणला या शतकात मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले. लातूर, बीड, नांदेड, बुलढाण्याहून आणि पुढे उत्तर प्रदेश, बिहारहून माणसं येत राहिली.

या पट्ट्यात कॅमेरे भरपूर आहेत. हप्त्यावर घेतलेला डीएसएलआर ही इथल्या कितीतरी तरुण कामगारांची पगारातून केलेली पहिली हौस असते. कुणी सुटीच्या दिवशी लग्नाच्या ऑर्डरी घेतो, कुणी प्री-वेडिंगवाल्याचा मदतनीस म्हणून रिफ्लेक्टर धरतो, कुणी पैसे साठवून वर्षातून एकदा हिमाचल गाठतो. शहरातल्या कॅमेरा क्लबांच्या सहली रविवारी निघतात. एमआयडीसीतल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. त्यामुळे हा कामगार फोटोग्राफर बहुतेक वेळा एकटा हिंडतो, आणि एकटा हिंडणाऱ्याला कुणी जागा दाखवत नाही. आमच्या मते हे त्याचं भाग्यच आहे. त्याला ते अजून पटलेलं नाही, एवढंच.

भोसरीवरून जाणाऱ्या याच पुणे-नाशिक रस्त्यानं नाशिकच्या दिशेनं मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर मागे टाकत गेलं की नारायणगाव लागतं. तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग यांचं गाव. त्यांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हातून पदकं मिळाली, आणि २००२च्या जानेवारीत हलाखीत त्या गेल्या. ऐन फडावर प्रसूतीच्या कळा आल्या, पडद्यामागे मूल झालं आणि बाई पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही त्यांची गोष्ट महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. ती ऐकून हळहळणारे हजारो आहेत. तमाशाच्या कनातीमागे चार रात्री काढणारा मात्र विरळा.

असा एक छायाचित्रकार म्हणजे पुण्याचे संदेश भांडारे. बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेच्या साहाय्यानं त्यांनी तमाशाचं छायाचित्रण हाती घेतलं आणि लोकवाङ्मय गृहानं २००६ साली त्यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक काढलं. ढोलकी फडाचा तमाशा, संगीत बारी, विदर्भाची खडी गंमत अशी या कलेची वेगवेगळी रूपं त्यात आली. मराठीत छायाचित्रांच्या पुस्तकांची परंपरा तशी तोळामासाच. गडकिल्ले, देवळं, पक्षी, नामवंतांचे चेहरे यांच्यापलीकडे तिनं क्वचित पाऊल टाकलं. त्यात तमाशासारखा विषय, तोही असा जवळून पाहिलेला, म्हणून या पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं.

तमाशा काढायला अवघड का, हे समजून घेण्याजोगं आहे. पहिली अडचण तांत्रिक दिसते. रात्र, हॅलोजनचा किंवा एलईडीचा कर्कश उजेड, त्याबाहेर मिट्ट काळोख, हवेत धूळ, समोर न थांबणारं नृत्य. पण एवढ्यावर आजचे कॅमेरे सहज मात करतात. दुसरी अडचण डोळ्यांत साठलेल्या चित्रांची. मराठी माणसाच्या मनातला तमाशा सिनेमानं रंगवलेला आहे. ‘सांगत्ये ऐका’ १९५९चा, ‘पिंजरा’ १९७२चा, ‘नटरंग’ २०१०चा. फोटोग्राफर राहुटीपाशी पोचतो तो ही चित्रं घेऊनच. त्याला नऊवारी, गजरा, घुंगरांचा पाय आणि डोळ्यांतला काजळाचा फटकारा हवा असतो, आणि ते सगळं समोर असतंच. गण, गवळण, बतावणी, वग अशी रात्र सरकते, कार्ड भरतं, माणूस खुशीत घरी येतो. त्यानं तमाशातलं काही नवं पाहिलेलं नसतं.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. तिथल्या बाईला कॅमेऱ्याचा अनुभव काय आहे? तिचं चित्र कुठं जाईल, कोणत्या मथळ्याखाली छापलं जाईल, गावाकडे शाळेत शिकणाऱ्या तिच्या मुलीपर्यंत पोचलं तर काय होईल, यांतलं काहीच तिच्या हातात नसतं. मोबाइल आल्यापासून तर पुढच्या रांगेतला प्रत्येक प्रेक्षक तिला टिपतो आणि रात्रीतच ते चलच्चित्र जगभर फिरतं. अशा वेळी मोठी लेन्स लावून आलेला पुण्या-भोसरीचा पोरगा तिच्या लेखी त्या गर्दीतलाच एक. त्यानं दिवसा परत यावं लागतं. दिवसा फड झोपलेला असतो, दुपारी कुणी चुलीपाशी असतं, कुणी कपडे वाळत घालतं, ट्रकमधून पेट्या उतरतात, सोंगाड्या मिशा काढून पेपर वाचत बसतो. तिथं फोटोग्राफरला करण्यासारखं काम नसतं, बसून राहावं लागतं. बिनकामाचं बसणं हे कॅमेरेवाल्याला सर्वांत असह्य. भांडाऱ्यांसारख्यांच्या कामाची किंमत त्या बसण्यात आहे.

त्यांचं दुसरं पुस्तक वारीवरचं आहे, आणि वारी तर भोसरीच्या दारातूनच जाते. माउलींची पालखी आळंदीहून निघून दिघीच्या मॅगझिन चौकातून विश्रांतवाडीमार्गे पुण्यात शिरते. तुकोबांची पालखी देहूहून निगडीला येते, आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते आणि पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत पुढे जाते. त्या दोन दिवसांत या औद्योगिक पट्ट्यातले रस्ते बंद होतात, कंपन्यांच्या गेटवर चहा आणि चिक्की वाटली जाते, कामगार वारकऱ्यांचे पाय चेपतात.

आणि फोटोग्राफर? तो दिवे घाटात असतो. पुण्यातून सासवडकडे चढणाऱ्या त्या घाटातला पालखीचा वळणदार रस्ता, पांढऱ्या टोप्यांची नदी, हिरवा डोंगर: हे चित्र दर आषाढात निघतं आणि दर आषाढात छापलं जातं. २०११ साली उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून टिपलेल्या वारीचं ‘पहावा विठ्ठल’ हे पुस्तक आलं, तेव्हा ती उंची नवी होती. आता ड्रोननं ती सगळ्यांच्या आवाक्यात आणून ठेवली. घाटानंतर मोहीम निघते ती थेट रिंगणाला. चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, काटेवाडीला मेंढ्यांचं. मधल्या वाटेवर कॅमेरे दिसत नाहीत. वारीचे दिवस मात्र मधल्या वाटेवरच जातात. पावसानं भिजलेलं पाल, टँकरपाशी हंड्यांची रांग, रस्त्याकडेला दाढ्या करणारे, सलाईन लावून परत चालू लागणारी म्हातारी, पहाटे अंधारातच आडोसा शोधणाऱ्या बायका.

या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबायला हवं. इंद्रायणीच्या आणि चंद्रभागेच्या काठी स्नान करणाऱ्या बायकांकडे रोखलेल्या लांबलचक लेन्सा ही वारीतली दरवर्षीची लाज आहे. धाडस या नावाखाली ती खपवून घेता कामा नये. कम्फर्ट झोन सोडायचा आहे तो फोटोग्राफरनं, त्याच्यासमोरच्या बाईनं नव्हे. दूरच्या लेन्सनं चोरून घेतलेलं चित्र हे या अर्थानं सगळ्यांत आरामशीर चित्र असतं. घेणाऱ्याला कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. ज्याला स्वतःला अडचणीत टाकायचं आहे त्यानं ७०-२००ची लेन्स घरी ठेवून ३५ मिलिमीटरची लावावी. मग पाच-सहा फुटांवर जावंच लागतं. तिथं गेल्यावर माणूस विचारतो, ‘कुठले हो तुम्ही?’ आणि आपलं गाव सांगावं लागतं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला द. बा. मोकाशी एका पालखीबरोबर चालले आणि त्यांनी ‘पालखी’ लिहिलं. ते वारकरी म्हणून गेले नव्हते, लेखक म्हणून गेले होते, आणि आपण इथले नाही ही जाणीव त्यांनी लपवली नाही. इरावती कर्वे त्यांच्याआधी चालल्या. भक्तीच्या वाटेवरही दिंड्यांत जात कशी वेगळी चालते, हे त्यांनी नोंदवलं. छायाचित्रांत हे आजवर किती आलं? दिवे घाटाच्या चित्रात जात दिसत नाही. पंगतीच्या चित्रात दिसू शकते, पण त्यासाठी पंगतीपर्यंत थांबावं लागतं.

मराठी फोटोग्राफर घरातून बाहेर पडला आणि अवघड जागी उभा राहिला, याचं फार जुनं उदाहरण आहे. नारायण विनायक विरकर हे मुंबईचे छायाचित्रकार. १३ एप्रिल १९१९ला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. त्यानंतर काही महिन्यांत विरकर अमृतसरला गेले. तोवर प्रेतं उचलली गेली होती, गर्दी नव्हती, घटना उरलेली नव्हती. उरली होती ती भिंत. गोळ्यांच्या खुणांभोवती काढलेल्या रेघा आणि तिथं बसून त्यांकडे बोट दाखवणारी माणसं, असं त्यांनी काढलेलं चित्र आज इतिहासाच्या पुस्तकांत सर्रास छापलं जातं. काढणाऱ्याचं नाव फारसं छापलं जात नाही. जिथं दाखवण्यासारखं काही नाही तिथं नेमकं काय दाखवायचं, हा प्रश्न विरकरांनी शंभर वर्षांपूर्वी सोडवला. पंजाबात नुकताच लष्करी कायदा होऊन गेला होता, हेही ध्यानात घ्यावं.

जगातली दोन नावं इथं घ्यावी लागतात, कारण आपल्याकडचे हौशी त्यांची चित्रं पाहूनच कॅमेरा हातात घेतात. स्टीव्ह मॅकरी १९८३ साली पावसाळ्याचं काम करायला गुजरातेत पोरबंदरला होते. शहर पाण्यात बुडालेलं. कोरड्या गच्चीवरून पाण्याची चित्रं बरी येईनात, तेव्हा ते छातीभर घाण पाण्यात उतरले आणि तिथं त्यांना खांद्यावर शिवणयंत्र घेऊन गळ्याइतक्या पाण्यातून हसत येणारा म्हातारा शिंपी भेटला. चित्र गाजलं, यंत्राच्या कंपनीनं शिंप्याला नवं यंत्र दिलं. गोष्ट इथं संपवणं सगळ्यांना आवडतं. पण २०१६ साली याच मॅकरींच्या काही चित्रांत संगणकावर माणसं आणि वस्तू पुसल्याचं उघडकीस आलं, आणि आपण वार्ताचित्रकार नसून दृश्यकथाकार आहोत असं त्यांना सांगावं लागलं. पाण्यात उतरण्याची हिंमत असलेला माणूसही नीटनेटक्या चौकटीचा मोह सोडू शकत नाही, एवढं यावरून दिसतं. पाय भिजले म्हणजे नजर बदललीच असं नाही.

दुसरे सेबास्तियाओ साल्गादो. हे अर्थतज्ज्ञ, लंडनला आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरीला. १९७३ साली ती सोडून ते कॅमेऱ्याकडे वळले. हातानं काम करणाऱ्यांची जगभरची चित्रं त्यांनी गोळा केली, त्यांत धनबादचे कोळसा कामगार आहेत. ‘वर्कर्स’ हे पुस्तक १९९३ साली आलं. २०२५च्या मे महिन्यात साल्गादो गेले तेव्हा भोसरी-चाकणच्या कितीतरी मोबाइलांवर त्यांची चित्रं फिरली. श्रमाचं सौंदर्य दाखवणारी चित्रं, श्रम करून आलेल्यांनी एकमेकांना पाठवलेली. साल्गादोंवर एक जुना आक्षेप असा की, त्यांचं दुःख फार देखणं असतं. तो आक्षेप कामगारांना कसा वाटतो, हे कुणी त्यांना विचारायला हवं.

कारण खुद्द या पट्ट्याचं काम जवळजवळ अदृश्य आहे. चाकणच्या मोठ्या कारखान्यांत शिरताना गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवला जातो. गुप्ततेची कारणं असतात आणि ती खोटी नाहीत. पण परिणाम असा की, आठ-दहा तास ज्या जागेत आयुष्य जातं तिचं एकही चित्र कामगाराजवळ नसतं. कारखान्यांची अधिकृत चित्रं निघतात, तीही पूर्वीपासून. मित्तर बेदी (१९२६-१९८५) यांनी मुंबईत बसून भारतातल्या औद्योगिक छायाचित्रणाला दर्जा मिळवून दिला. टाक्या, नळकांडी, चिमण्या यांत त्यांना भूमितीचं सौंदर्य दिसलं. ती चित्रं मालकाच्या वार्षिक अहवालासाठी होती, आणि माणूस त्यांत बहुधा यंत्राची उंची कळावी एवढ्यापुरता उभा असतो.

लघुउद्योगाच्या गाळ्यात मात्र अजून शिरकाव होतो. मालक ओळखीचा निघतो, चहा होतो, ‘काढा की’ म्हणतो. आणि मग लग्नाच्या हॉलमध्ये तरबेज झालेला फोटोग्राफर चाचपडू लागतो. तिथं सांगून कुणी पोझ देत नाही, कारण पीस रेटवर काम चाललेलं असतं. ट्यूब आणि एलईडी दिवे मुख्य विजेच्या पन्नास हर्ट्‌झवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर भरभर चालवलं की चित्रावर आडवे पट्टे उमटतात, म्हणून एक पन्नासांश किंवा एक शतांशवर यावं लागतं, आणि मग हात हलतो. वेल्डिंगचा आर्क बाकी सगळं काळं करून टाकतो, शिवाय उघड्या डोळ्यांना तो घातक. पावडर कोटिंगची धूळ लेन्स बदलताना थेट सेन्सरवर बसते. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कॅमेऱ्याचा पट्टा. तो गळ्यात लोंबकळत ठेवून लेथच्या फिरत्या चकवर वाकणं म्हणजे मरणाला बोलावणं. ऑपरेटर हे पहिल्या मिनिटाला सांगतो. त्या गाळ्यात जाणकार तो असतो आणि कॅमेरावाला नवखा शिकाऊ. ही अदलाबदल ज्याला सोसते त्याचीच चित्रं बरी येतात.

शेजारी कुदळवाडी होती. चिखलीलगतचा हा भंगाराच्या गोदामांचा पसारा. कारखान्यांतून बाहेर पडलेली पिंपं, लाकडी पॅलेट, टायर, प्लॅस्टिक, पुठ्ठा, सगळं तिथं वेगळं केलं जाई, धुतलं जाई, पुन्हा विकलं जाई. आगी वारंवार लागत. काम करणारे बरेचसे उत्तरेकडून आलेले, राहायला तिथंच पत्र्याच्या खोलीत. अनधिकृत म्हणून फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेनं मोठ्या बंदोबस्तात ही बांधकामं पाडली. हजारो पत्राशेड काही दिवसांत सपाट झाली. पाडकामाची चित्रं मुबलक आहेत. त्याआधीच्या पंचवीस-तीस वर्षांची शोधायला बसलं तर आगीच्या बातम्यांखालची तेवढी सापडतात. एवढ्या कॅमेऱ्यांच्या गावात, एमआयडीसीच्या शेजारी, एवढा मोठा मुलूख कुणी हौसेनं, सवडीनं पाहिलाच नाही. तिथं दुर्गंधी होती, कुत्री होती, मालक संशयी होते. लडाखमध्ये यांतलं काही नाही.

इंद्रायणीच्या फेसाचंही असंच आहे. आळंदीला नदीवर पांढरा फेस तरंगतो आणि त्यातून वारकरी स्नानाला उतरतात, हे चित्र आता वर्तमानपत्रांत नेमानं येतं. घरगुती सांडपाणी, साबण-डिटर्जंट आणि कारखान्यांचं पाणी प्रक्रियेविना नदीत जातं, त्याचा हा फेस. दुरून तो बर्फासारखा देखणा दिसतो, आणि तसा तो दाखवलाही जातो. पण फेसाचा माग काढत उलट चालत गेलेला, चिखली-मोशीच्या नाल्यांपर्यंत पोचलेला फोटोग्राफर कुठं आहे? त्या वाटेवर त्याला कदाचित आपलीच कंपनी भेटेल. प्रवासातला सगळ्यांत अडचणीचा टप्पा तो, आणि आपल्या नोकरीची काळजी असलेल्या माणसाला तिथं थबकावंसं वाटलं तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आराम खुर्चीतल्या कुणाला नाही.

असा टप्पा गाठलेलं एक मराठी नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सुधारक ओलवे मुंबईच्या वृत्तपत्रांत छायाचित्रकार होते. शहराचा कचरा उचलणाऱ्या, गटारांत उतरणाऱ्या महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर ते वर्षानुवर्षं हिंडले. बातमीसाठी एक फेरी मारून आले असते तरी वर्तमानपत्राचं काम भागलं असतं. ते परत परत गेले, घरांत गेले, दारू आणि आजारपण आणि मरण यांसकट सगळं पाहिलं. २००५ साली नॅशनल जिओग्राफिकनं या कामाची दखल घेतली, २०१६ साली ओलव्यांना पद्मश्री मिळाली. मानसन्मान बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. मुंबईचा नागरिक ज्याच्यापासून रोज नाक दाबून दूर जातो, त्याच्या दिशेनं हा माणूस चालत गेला. अंतर मोजलं तर ते लोकलच्या काही स्टेशनांचं.

कोकणात कणकवलीचे इंद्रजित खांबे आणखी जवळ राहिले. त्यांनी आपल्याच सिंधुदुर्गातले दशावतारी पाहिले, रंग चढवताना आणि उतरवताना. पुढे कोल्हापूरच्या तालमींत मल्लांकडे गेले. भोसरी स्वतः पैलवानांचं गाव. इथल्या तालमींची अशी किती चित्रं आहेत, हा प्रश्न इथल्या कॅमेरेवाल्यांनी एकमेकांना विचारून पाहावा.

खेड, मावळ, चिखलीच्या बैलगाडा घाटांवर मात्र कॅमेरे कमी नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३मध्ये घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा कायदा मान्य केला. तेव्हापासून घाटात भंडारा उधळतो, हलगी कडाडते, बारी सुटते आणि शंभर शटर एकदम वाजतात. उधळलेले बैल, ताणलेल्या शिरा, धूळ. बैल जुंपण्याआधी कान धरून त्याच्याशी बोलणारा म्हातारा त्याच मैदानावर कडेला असतो. त्याच्याकडे कुणी वळत नाही, कारण तिथं धूळ उडत नाही.

एक सावधगिरी. अडचण आणि धोका यांची गल्लत होऊ नये. रात्रपाळी सुटताना एमआयडीसीच्या रस्त्यावर एकट्या मुलीनं कॅमेरा घेऊन हिंडणं हा नजरेचा सराव नाही. तिला सोबत लागते, आणि ती मागण्यात कमीपणा नाही. भट्टीजवळ, प्रेसजवळ, चालू गाड्याजवळ जाणं ही हिंमत नव्हे, बेफिकिरी. इथं जी अडचण अभिप्रेत आहे ती साधी आहे. नाव विचारणं. आपलं सांगणं. नकार आला तर कॅमेरा खाली करणं आणि तरीही थांबणं. काढलेल्या चित्राची प्रत छापून परत नेऊन देणं. या शेवटच्या कामाला भोसरीच्या कुठल्याही फोटो स्टुडिओत फार खर्च येत नाही. गवळीमाथ्याच्या गाळ्यात किंवा नारायणगावच्या राहुटीत दुसऱ्यांदा प्रवेश मिळतो तो बहुधा त्या एका प्रतीच्या जोरावर.

भोसरीत अंकुशराव लांडगे नाट्यगृह आहे. तिथल्या भिंतींवर या पट्ट्यातल्या कामगारांनी काढलेली, या पट्ट्याचीच चित्रं लागावीत. निसर्गचित्रं, पक्षी आणि मावळते सूर्य यांना तेवढ्यापुरती रजा द्यावी. उद्योजकांच्या संघटनांनी मनावर घेतलं तर वर्षातून एक दिवस गेटवरचे स्टिकर काढता येतील; गोपनीय यंत्रं झाकून ठेवावीत, माणसं उघडी राहू द्यावीत. पंचवीस वर्षं एका यंत्रावर उभा राहिलेला माणूस निवृत्त होताना त्याच्या हातात नारळ, शाल आणि त्या यंत्राशेजारचं त्याचं एक चांगलं चित्र पडायला काय हरकत आहे?

तोवर ज्यांना निघायचं आहे त्यांनी निघावं. जत्रांच्या सुपाऱ्या ठरवण्यासाठी नारायणगावात तमाशाच्या राहुट्या गुढीपाडव्याच्या सुमारास लागतात. २०२६चा पाडवा १९ मार्चचा, गुरुवारचा, म्हणजे एमआयडीसीच्या सुटीच्या दिवसाचा. फक्त सकाळी सहाच्या आत मोशी मागे टाकावी, नाहीतर अर्धा दिवस चाकणच्या कोंडीत जाईल.